देवाच्या दोन दाढा

उदगीरच्या दालमिलवाल्या गुरुबसप्पांच्या दारात त्या सोमवारी एवढी गर्दी होती, की नवख्या माणसाला वाटावं टँकर आलाय. पण कुणाच्याच हातात घागर नव्हती. बेलाची पानं होती, उदबत्त्या होत्या, आणि एका म्हातारीच्या हातात तर निरशा दुधाचा तांब्या होता. तिच्या घरी नातवंडं कोरा चहा पीत असतील, पण देवाला दूध. तो देव सव्वाचारला जागा होणार होता आणि पाण्याचा चोर दाखवणार होता.

"सव्वाचारलाच कामून?" गर्दीत उभ्या पंचशीलानं शेजारच्या माणसाला विचारलं.

"दोन ते चार देव इश्रांती घेतो, मॅडम. त्या टायमाला कितीबी हात लावा, बोलत न्हाई."

दोन ते चार त्या भागात लाइट जाते, हे त्या माणसालाही ठाऊक होतं. रोज ते दोन तास तो घामाच्या धारा पुसत काढत होता. पण एकाच डोक्यात दोन गोष्टी राहत असल्या म्हणून त्यांची आपसात ओळख असतेच असं नाही.

साल २०१६. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच हा उन्हाळा. लोक पाण्याच्या पिंपांना कुलपं लावत होते आणि चावी कडोसरीला खोचून झोपत होते. चौकात 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'चे फलक लागले होते. प्यायला पाणी नव्हतं, पण कलेक्टर कचेरी कुठल्या गल्लीत येणार यावर पानठेल्यांवर भांडणं होत होती. अशा दिवसांत माणसाला कशावरही विश्वास ठेवावासा वाटतो, आणि हे ओळखून पोट भरणारेही त्याच दिवसांत गावात उतरतात.

पंचशीला आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. पंचेचाळिशीची बाई, तोंडानं तिखट. देवाला बघायला तिला वेळ नव्हता. ती आली होती गुणाबाईसाठी. गुणाबाई तिच्याच गल्लीतली, साठीला टेकलेली. पंचशीलाची आई मजुरीला जायची तेव्हा लहानग्या पंचशीलाला हिनंच कडेवर वागवलं होतं. एकोणीस वर्षं ती गुरुबसप्पांच्या घरी धुणंभांडी करत होती. आदल्या दिवशी ती पंचशीलाच्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"उद्या माझा नंबर हाय, पोरी."

"कशाचा?"

"पेटीवर हात ठेवायचा. पिंपातलं पाणी रोज कमी व्हायलंय. मालकीणबाई पारवतम्मा म्हणती, चावी तुझ्यापाशी, मंग पाणी जातंय कुठं?"

"तू घेतलंस का मावशी?"

म्हातारीनं तिच्याकडं असं बघितलं, की पंचशीलाला विचारल्याची लाज वाटली.

"न्हाई घेतलं. पण वाजंल ती. त्या सरजाबाईच्या हाताखाली वाजली, तिनं तरी कुठं घेतलं होतं? त्याच सांजंला मालकानं टँकरच्या यादीतून नाव काढलं तिचं. आता जाती दीड कोस, डोक्यावर दोन घागरी घिऊन. काम गेलं तर जाऊ दे, पंचशीला. पण नातवंडांनी पाणी कुठलं प्यायचं? आन मी चोरटी म्हणून मरायचं का?"

एवढं ऐकल्यावर पंचशीलानं दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

आता ही पेटी म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. दोन हजार तीन साली शेजारच्या घरात चोरी झाली, तेव्हा गुरुबसप्पांनी हैदराबादहून माणूस बोलावून घराला चोरघंटा बसवून घेतली. तिजोरीच्या खोलीबाहेर, बोळात, दप्तराएवढी पत्र्याची पांढरी पेटी आणि गच्चीवर भोंगा. बसवणारा माणूस जाताना बजावून गेला होता, आत बॅटरी आहे, दर तीन वर्षांनी बदला. त्यानंतर गुरुबसप्पांनी दोन गाड्या बदलल्या, बॅटरी एकदाही बदलली नाही. मात्र दर खंडेनवमीला मिलच्या यंत्रांबरोबर आणि तराजूंबरोबर पेटीलाही हळदकुंकू वाहिलं जायचं, झेंडूचं फूल चढायचं. यंत्राची पूजा झाली म्हणजे यंत्राची देखभाल झाली, अशी आपल्याकडं समजूत आहे. तेरा खंडेनवम्या अशा निघाल्या.

चौदाव्या वर्षी मार्चच्या उन्हात पेटी भरदुपारी आपणहून बोंबलायला लागली. पाठोपाठ तिला वास सुटला. गुरुबसप्पांनी मिस्त्री बोलवायचा, तर पार्वतम्मांनी स्वामी बोलावले.

हे नादस्वामी. कुणी म्हणे बिदरचे, कुणी म्हणे थेट हिमालयातून आलेले. आले मात्र एसटीनं. घराण्याच्या लिंगायत मठाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, मठातल्या अय्यांना, घरच्या गुरूंना, कुणी विचारलंही नाही. वरून बोळात जागा मिळाली, खोली मिळाली, दोन वेळचं शिरापुरीचं जेवण मिळालं आणि बघता बघता पेटीचा देव झाला.

"काय सांगू मॅडम," पार्वतम्मा गर्दीतून वाट काढत पंचशीलाला आत नेताना सांगत होत्या. बाई मनानं भोळ्या, आलेल्याला रिकाम्या पोटी जाऊ न देणाऱ्या. "पैल्या दिवशी स्वामी दार लावून एकलेच पेटीपाशी बसले. आन यव्वा, अशी वाजली, अशी वाजली पेटी, अर्धा घंटा. आम्ही समदे भाइर हात जोडून हुभे. स्वामी घामाघूम हून भाइर आले. म्हनले, देव जागा झाला."

"आत काय केलं त्यांनी?"

"ते कसं इचारायचं?"

बोळात पाऊल टाकलं आणि पंचशीलाच्या नाकात तो वास शिरला. तिनं पदर नाकाला लावला. तिथं समईजवळ बसलेले नादस्वामी तेच समजावून सांगत होते. गोरेपान, पोट सुटलेलं, नखं वाढवलेली, त्या नखांत कुंकू भरलेलं.

"हा पाताळगंगेचा गंध आहे भक्तहो. गंधक आणि अमृत. या घराखाली गंगा आहे. तिला रक्षक हवा होता, तो या यंत्रात उतरला. आता पाण्याच्या थेंबाचाही चोर लपणार नाही. आणि जिल्हा झाला की कलेक्टरसुद्धा आधी इथं माथा टेकवील, मग खुर्चीवर बसेल. मला दिसतंय ते."

लोक त्या वासानं छाती भरून घेत होते. एका बाईनं लेकराला पुढं धरलं. तो वास सडक्या अंड्याचा होता, दुसरा कशाचाही नव्हता. पण पिढ्यानपिढ्या या घराच्या उंबऱ्याच्या आत अंडं आलेलं नव्हतं, ओळखणार कोण? आणि बाहेर उभे असलेल्यांतल्या ज्यांना ओळख पटत होती, ते मालकाच्या दारात बोलणार नव्हते.

पेटी तर बघवत नव्हती. कुंकवाचे थर वाळून भेगाळले होते. त्यावरून ओतलेल्या दुधाचे पिवळे ओघळ, त्यात चिकटलेल्या मुंग्या, तेल, विभूती. वरच्या अंगाला लाल दोऱ्याचे वेढे गुंडाळलेले. पाण्यावाचून माणसं दीड कोस चालत होती आणि इथं पत्र्यावर दूध आंबत होतं. पंचशीलाला चीड आली ती स्वामीची नव्हे. ठग ठगासारखाच वागणार. चीड आली ती हात जोडलेल्या शिकल्यासवरल्या लोकांची. त्यांत तिला बँकेतला एक साहेब दिसला, आणि गणित शिकवणारा एक मास्तरही दिसला.

चार वाजले. लाइट आली. आत स्वामींच्या खोलीत कूलर घरघरू लागला आणि वाळ्याचा गारवा बोळापर्यंत आला. पेटीवर हिरवा दिवा लागला, तसा सगळ्यांनी जयजयकार केला.

"नियम ऐका," स्वामी म्हणाले. "घरच्या माणसानं देवाच्या माथ्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. परक्यानं, नोकरानं पायाशी हात लावायचा. माथ्याला स्पर्श करायची पायरी प्रत्येकाची नसते."

आधी गुरुबसप्पांचा पुतण्या पुढं झाला. पेटीच्या वरच्या भागावर तळहात दाबून म्हणाला, मी पाणी चोरलं नाही. पेटी गप्प राहिली. मग टँकरच्या ड्रायव्हरच्या हाताखालचा पोरगा, किन्नर. त्यानं वाकून खालच्या कडेला दोन्ही हात लावले आणि डोकं टेकवलं. क्षणात गच्चीवरचा भोंगा कर्कश ओरडला, कबुतरं उडाली. स्वामी उठले, वरच्या बाजूवर हात दाबून काहीतरी पुटपुटले. भोंगा थांबला. किन्नर पांढराफटक पडून "आईशपथ न्हाई हो" म्हणत राहिला आणि मागून कुणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

गर्दीच्या चेहऱ्यावर एक सुख पसरलं होतं. आपण नाही, दुसरा सापडला, याचं सुख. पंचशीलाला ते त्या वासापेक्षा घाण वाटलं.

"गुणाबाई," स्वामींनी हाक दिली.

म्हातारी पुढं आली आणि सवयीनंच वाकली. पंचशीलानं तिचा दंड धरला.

"थांब मावशी. वरती हात ठेव. माथ्यावर."

बोळात कुजबुज झाली. स्वामींचा आवाज चढला. "बाई, पायरी सोडू नका. देव कोपेल."

"कोपला तर माझ्यावर कोपू दे. अप्पा," ती गुरुबसप्पांकडं वळली, "तुमच्या मिलमधली जळालेली मोटर आयटीआयच्या माझ्या पोरांनीच तारा भरून दिली होती न्हाई का? मला एकच सांगा. ही पेटी आता पाण्याच्या चोराला धरून राहिली. मंग तिजोरी कोण राखतंय?"

गुरुबसप्पा हसायला गेले आणि अर्ध्यात थांबले. व्यापारी माणूस. देवाचा धाक मोठा, पण तिजोरीचा विषय निघाला की कान टवकारतातच.

"म्हणजे?" ते म्हणाले.

"म्हणजे ही चोरघंटा बिघडली हाय. उद्या खरा चोर आला तर वाजंल का न्हाई, कुणाला ठाऊक? दोन मिनिटं बघू द्या. देव असंल तर माझ्या हातानं मरतोय थोडाच."

"यंत्राला बंधन घातलंय," स्वामी मध्ये पडले. "दोरा तुटला तर घरात मृत्यू होईल."

पार्वतम्मांनी तोंडावर हात नेला. गुरुबसप्पांचा चेहरा मात्र बदलला. आपल्या घरात, आपल्या बायकोदेखत, मरणाची धमकी कुणी दिलेली त्यांना चालण्यासारखी नव्हती. "बघा मॅडम," ते जाड आवाजात म्हणाले.

पंचशीलानं ओला फडका मागितला नाही, पाणी कुठून आणणार. पिशवीतल्या जुन्या वर्तमानपत्रानंच कुंकू खरवडलं. पापुद्रे पडले, खाली पांढरा पत्रा दिसला. झाकणाच्या चार कोपऱ्यांना चार भोकं होती. खालच्या दोन्हींत स्क्रू होते, सैल केलेले. वरची दोन रिकामी.

"वरचे स्क्रू कुठं गेले अक्का?"

"स्क्रू? मला न्हाई बा ठाऊक." पार्वतम्मा खरोखरच आठवू लागल्या. "त्या पैल्या दिवशी स्वामींनी पेटीतून देवाच्या दोन दाढा काढल्या, तेवढंच. एक मला दिली, एक यांना. ताइतात हाय. उघडायची न्हाई म्हनले."

पंचशीलाच्या ओठांवर हसू आलं होतं, तिनं ते गिळलं. "अक्का, मी उघडणार न्हाई. तुमची दाढ, तुम्हीच बघा."

पार्वतम्मांचा हात गळ्याशी गेला. लिंगाच्या चांदीच्या डबीशेजारी तांब्याचा ताईत लोंबत होता. स्वामी म्हणाले, "माई, वंश बुडेल." एकदा त्यांनी गुणाबाईकडं बघितलं. एकोणीस वर्षं हिनं यांची बाळंतपणं काढली होती, यांची दुखणी निभावली होती. मग त्यांनी दातानं मेण फोडलं. लाल चिंधी उलगडली आणि तळहातावर एक गंजका स्क्रू पडला.

गुरुबसप्पांनी आपला ताईत सरळ तोडला. त्यातून त्याचा जुळा भाऊ निघाला.

पंचशीलानं लाल दोरा काढून झाकण उघडलं, तसा भोंगा पुन्हा बोंबलला. तिनं आतली, वरच्या अंगाची एक लहानशी कळ बोटानं दाबली. भोंगा बंद. बोट काढलं, चालू. पुन्हा दाबलं, बंद. असं चार वेळा केलं, कुठलाही मंत्र न म्हणता.

"या, जवळ या. मास्तर, तुम्ही आधी या. ही कळ झाकणानं दबलेली असते. चोरानं पेटी उघडली तर कळ सुटावी आन भोंगा वाजावा म्हणून ती बसवलेली हाय. आता खाली बघा. ही बॅटरी."

बॅटरी कुशीला फुगून टम्म झाली होती, एका बाजूनं चिरली होती. वासानं पुढचे चार जण मागं सरले.

"तीन वर्षांची वस्तू तेरा वर्षं चालवली. उन्हानं फुगली, झाकणाला रेटायला लागली, कळ सुटायला लागली. म्हणून पेटी दुपारी वाजायची. वास तिचाच. पाताळगंगा न्हाई, सडकी बॅटरी हाय ती. आन बॅटरी मेलेली, म्हणून लाइट गेली की देव झोपतो. आता हे बघा."

तिनं झाकण नुसतं ठेवलं, वर दोरा पूर्वीसारखा गुंडाळला. वरून तळहात दाबला. पेटी गप्प. खालच्या कडेला बोट दाबलं. फुगलेल्या बॅटरीवर टेकलेलं झाकण बागेतल्या पोरांच्या सी-सॉच्या फळीसारखं खाली दबलं, वर नखभर उचललं, आणि भोंगा वाजला.

"घरच्यांचा हात माथ्यावर, म्हणून घरचे सगळे साव. गरिबाचा हात पायाशी, म्हणून गरीब चोर. पेटीला माणूस कळत न्हाई. कुठं दाबलं एवढंच कळतं. बाकीचं शहाणपण ह्यांचं." तिनं स्वामीकडं बोट केलं. "या स्वामी. चोर नसाल तर पायाशी हात लावा."

नादस्वामी उठले ते खोलीकडं, पिशवी घ्यायला. गणिताचे मास्तर, जे इतका वेळ हात जोडून उभे होते, ते दारात आडवे झाले. आता त्यांना फार जोर आला होता. कुणीतरी जादूटोण्याच्या कायद्याचं नाव काढलं, कुणी पोलिसांना फोन लावला. मघाशी किन्नराच्या पाठीत गुद्दा घालणारा हात आता स्वामीच्या गळ्यापाशी गेला, तेव्हा पंचशीला त्याच्यावर ओरडली. "हात खाली घे. त्याला पोलीस बघतील. तुझा गुद्दा तुला बघायचा हाय." तो माणूस चपापून मागं सरला आणि त्यानं किन्नराकडं बघायचं टाळलं.

पंचशीलानं फुगकी बॅटरी काढून बाजूला ठेवली, पिशवीतल्या स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही दाढा वरच्या भोकांत पिळल्या, खालचे स्क्रू आवळले. "मावशी, आता लाव हात. पायाशी लाव, पोटाशी लाव, कुठंबी लाव."

गुणाबाईनं आधी पायाशी हात लावला, मग हळूच वर, माथ्यावर ठेवला. पेटी गप्प होती. तिचा तळहात बराच वेळ तिथंच राहिला.

"मग पाणी गेलं कुठं?" गर्दीतून एक आवाज आला. प्रश्न रास्तच होता.

गुणाबाईनंच उत्तर दिलं. "कूलरात. रोज सहा घागरी. स्वामी आल्यापास्नं मीच ओतती. पारवतम्मांनीच सांगितलं होतं."

पार्वतम्मा मटकन खाली बसल्या. "देवाला दिलेलं कुठं मोजायचं असतं," त्या पुटपुटल्या.

"तू बोलली कामून न्हाईस?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"मला कुणी इचारलं, मालक? तुम्ही समद्यांनी पेटीला इचारलं."

गुरुबसप्पांची मान खाली गेली. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "मॅडम, पेटी दुरुस्त होईल का नवीनच बसवावी?"

"नवीनच बसवा. ही म्हातारी झाली, आतून गंजली. पण टाकायच्या आधी तिला हात जोडायचे तर आता जोडा, अप्पा. तेरा वर्षांत ती एकदाच खऱ्या चोरावर ओरडली. ह्या माणसानं दार लावून तिच्यात हात घातला, तेव्हा अर्धा घंटा जीव तोडून सांगत होती, चोर आलाय म्हणून. आन तुम्ही भाइर उभं राहून त्याच्याच पाया पडला."

आत कूलर चालूच होता. गुणाबाई पदर खोचून उभी राहिली.

"मालक, उद्या मी कामाला यीन. पण इथं, ह्या लोकांपुढं, तुम्ही म्हणायचं. गुणाबाईनं पाणी चोरलं न्हाई. आन सरजाबाईनं न्हाई, आन ह्या पोरानं न्हाई."

गुरुबसप्पा पुटपुटले. मागच्यांना ऐकू गेलं नाही.

"भोंगा लई मोठ्यानं वाजला होता मालक," गुणाबाई म्हणाली.

मग ते मोठ्यानं म्हणाले. तिन्ही नावं घेऊन म्हणाले. त्याच संध्याकाळी सरजाबाईचं नाव टँकरच्या यादीत परत चढलं.

उपदेश करायची हौस पंचशीलाला नव्हती, पण दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं ती फुगकी बॅटरी टेबलावर ठेवली आणि पोरांना सांगितलं ते इथं सांगून ठेवतो. एखादी वस्तू चमत्कार करते असं कुणी म्हणालं, तर हात जोडण्याआधी तिचं झाकण उघडून बघा. करंट कुठून येतो, कळ कुठं आहे, ती कोण दाबतंय, हे विचारा. आणि त्याच्याही आधी, जिच्यावर आळ आलाय त्या बाईला विचारा. ती कदाचित सगळं सांगायला तयारच उभी असेल.